धक्क्यावरचं भाडं

पेल्टन बे, ओरेगन
१९ जानेवारी १९८७

मावशी,

तुझा दमा कसा आहे ते आधी विचारायला हवं, पण आज डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा ते शेवटी विचारतो. बंदर मंडळानं धक्क्यावरच्या चारही लहान जागांचं भाडं तिप्पट केलंय, जुलैपासून. आपली खेकड्यांची शेड, वाइनोचं इंजिनदुरुस्तीचं दुकान, जाळीवाल्यांची खोली आणि कॉफीची टपरी. कारण काय, तर धक्क्याचे खांब कुजलेत. मंडळ म्हणतं, जागा सरकारी आहे, मग भाडेकरूंनी हातभार लावायला नको का?

खांब कुजलेत हे खरं. पण कुणाच्या ओझ्यानं? अर्धा धक्का डनलेव्हीच्या मासळी कारखान्याखाली आहे. त्याचा भाडेपट्टा महायुद्ध संपल्या संपल्या झाला, आणि तेव्हाचाच भाव आजही चालू आहे. त्या भावात तुला टक्सनमध्ये गाडी उभी करायला जागा मिळायची नाही. बरं, तेवढंही तो गेली सहा वर्षं देत नाहीये. हे मला मंडळाच्या सभेत कळलं. सांगितलं कुणी, तर खुद्द अध्यक्षांनी, हॉलिसनं, जेवणाआधीची प्रार्थना म्हणावी तशा आवाजात.

मी विचारलं, "मग त्याच्याकडून का घेत नाही?"

तो म्हणाला, "एल्डन, डनलेव्ही नव्वद माणसांना काम देतो. तू किती जणांना देतोस?"

सगळे हसले. शेडमध्ये मी आणि जोलीन, दोघंच. त्यात जोलीन माझी बायको, ती पगार मागत नाही.

वाइनोनं तिथल्या तिथं तंबाखूची पिंक टाकली, मंडळाच्या रद्दीच्या टोपलीत. त्याची पिंक पहिल्यांदाच योग्य जागी पडली असं मला वाटलं.

तू मला शेड सांभाळायला दिलीस, पण करार अजून तुझ्याच नावावर आहे. तू नको म्हणालीस तर गप्प बसेन. पण खरं सांगतो, गप्प बसायची माझी इच्छा नाही.

तुझा
एल्डन

*

टक्सन, ॲरिझोना
३० जानेवारी १९८७

एल्डन,

दमा आहे तसाच आहे. तू शेवटी विचारायचं विसरलास.

भांड. माझी ना नाही. ती शेड मी आणि तुझ्या काकांनी, नेल्सनं, आपल्या हातांनी उभी केली. एकेक फळी त्यानं धरली आणि मी ठोकली, कारण त्याला खिळा सरळ ठोकता येत नसे. पण आधी हॉलिसच्या घरी जा. कचेरीत माणूस खुर्चीसारखा बोलतो, घरी माणसासारखा. मी त्याला चाळीस वर्षं ओळखते. नेल्सच्या आधी त्यानंच मला मागणी घातली होती. मी नाही म्हटलं, तरी आमच्या लग्नात येऊन त्यानं खुर्च्या मांडल्या. असा माणूस वाईट नसतो.

जाताना खेकडे ने, उकडून. आणि आवाज चढवू नकोस. तुझा आवाज तुझ्या आईवर गेलाय. माझ्या बहिणीचं म्हणणं बरोबर असायचं तेव्हाही लोक तिच्याविरुद्धच मत द्यायचे.

वाइनोपासून मात्र जपून राहा. नेल्सच्या अंत्यविधीला आला होता तो, आणि चर्चच्या पायरीवर मला विचारलं, बोटीच्या इंजिनाचं काय करायचं, अर्धवट उघडून ठेवलंय म्हणून. मला तो कधीच आवडला नाही.

मावशी

*

पेल्टन बे
८ मार्च १९८७

मावशी,

गेलो होतो हॉलिसकडे. दोन मोठे खेकडे नेले. त्यानं ते ओट्यावरच फोडले आणि उभ्या उभ्या खायला लागला. मी बोलतोय आणि तो नांग्या चोखतोय. हनुवटीवरून रस गळतोय, तो मनगटानं पुसतोय. "तुझ्या मावशीच्या, व्हर्नाच्या हातची चव नाही," म्हणाला, आणि दुसरा ओढला. मला बस म्हणाला नाही.

मी आवाज चढवला नाही. तुझी शपथ. मी म्हटलं, "हॉलिस, आम्ही वाढवून द्यायलाही तयार आहोत. पण डनलेव्हीकडून आधी मागचं वसूल करा."

तो म्हणाला, "तुला डनलेव्ही माहीत नाही. भला माणूस आहे. गेल्या वादळात माझं छप्पर उडालं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याची माणसं हजर. नवीन छप्पर घालून दिलं, पैशाचं नाव काढलं नाही. बोट त्याच्याच जेट्टीला बांधतो मी, इतकी वर्षं. कधी एका शब्दानं बोलला नाही."

मावशी, तो हे लपवत नव्हता, अभिमानानं सांगत होता. वर बोट करून छप्परसुद्धा दाखवलं. त्याला यात काही गैर आहे हे कळतच नाही. चोराला निदान अंधार तरी लागतो.

मी बाहेर आलो आणि थेट वाइनोच्या दुकानावर गेलो.

आता आमचं ठरलंय. आम्ही चौघंही जुनंच भाडं भरणार, पण मंडळाकडे नाही, बँकेत वेगळ्या खात्यात. डनलेव्हीनं दिल्याशिवाय त्यातलं एक नाणंही मंडळाला मिळणार नाही. कल्पना माझी. वाइनो म्हणाला, "पोरा, शेवटपर्यंत टिकशील का?" मी म्हटलं, "तू टिक म्हणजे झालं." आणि मे महिन्यात मंडळाची निवडणूक आहे. मी हॉलिसच्या जागेवर उभा राहतोय.

दमा कसा आहे?

एल्डन

*

टक्सन
२० मार्च १९८७

एल्डन,

खुर्च्या मांडणारा माणूस वाईट नसतो असं मी लिहिलं होतं. ते खोडून टाक.

तुझं पत्र मी शेजारणीला वाचून दाखवलं. नांग्या चोखण्यापाशी तिनं हात वर केला, म्हणाली, पुरे. मला मात्र शेवटपर्यंत वाचावं लागलं. लग्नाच्या फोटोत तो मागच्या रांगेत उभा आहे. आजवर तो फोटो बघताना मला त्याची दया यायची.

उभा राहा. नेल्सचं नाव घ्यायचं असेल तर घे, त्याला चाललं असतं. इथून उंटावरून शेळ्या हाकण्यापलीकडे मी काही करू शकत नाही, पण पेल्टन बेमध्ये ज्यांची ज्यांची पोरं मी सांभाळली त्या सगळ्यांना आज पत्रं टाकतेय.

निवडून आलास तर एकच कर. आपलं छप्पर आपणच घाल.

मावशी

*

पेल्टन बे
२० मे १९८७

मावशी,

आलो निवडून. हॉलिस पडला. जोलीन कालपासून रडतेय आणि हसतेय. वाइनोनं माझ्या पाठीवर थाप मारली, ती अजून दुखतेय. जुलैत शपथ. पहिलं काम डनलेव्हीचं भाडं. तुझी पत्रं फार कामी आली. सविस्तर नंतर लिहितो.

एल्डन

*

टक्सन
२५ ऑगस्ट १९८७

एल्डन,

हे माझं तिसरं पत्र. आधीची दोन पोचली नसतील तर टपालखात्याकडे तक्रार करते. पोचली असतील तर तुझ्याकडे करते.

डनलेव्हीचं काय झालं?

मावशी

*

पेल्टन बे
१३ सप्टेंबर १९८७

प्रिय मावशी,

उशीर झाला, माफ कर. मंडळाचं काम किती असतं याची बाहेरून कल्पना येत नाही. वाचायचे कागदच इतके की शेडवर एक मुलगी ठेवावी लागली.

डनलेव्हीला मी दोनदा भेटलो. मला वाटला होता तसा तो माणूस नाही. त्यानं मला कारखान्याची सगळी स्थिती मोकळेपणानं दाखवली. मासळी कमी येतेय, अलास्कावाल्यांशी स्पर्धा आहे. आपण फार ताणलं तर तो उद्या गाशा गुंडाळून दुसऱ्या बंदरात जाईल, आणि नव्वद घरं उघडी पडतील. त्याला धडा शिकवायला मी त्या नव्वद घरांच्या चुली विझवायच्या का? जबाबदारी अंगावर आली की गोष्टी वेगळ्या दिसतात.

तर आम्ही समजुतीनं मार्ग काढला. मागची थकबाकी सोडून द्यायची, आणि पुढे तो नियमित देईल असं त्यानं लेखी कबूल केलंय. लहान जागांचं भाडं मी तिपटीऐवजी दुपटीवर आणलं. हे सोपं नव्हतं. बाकी मंडळाचा विरोध होता. जाळीवाले आणि कॉफीवाली समजूतदारपणे कबूल झाले. वाइनो तेवढा अडून बसलाय, पण त्याचा स्वभाव तुला ठाऊकच आहे.

जोलीनला कारखान्याच्या हिशेबखात्यात टेबलावरचं काम मिळालं. खेकड्यांच्या वाफेनं तिचे हात फुटायचे, ते आता बरे आहेत.

तब्येतीला जप.

तुझा एल्डन

*

टक्सन
२४ सप्टेंबर १९८७

एल्डन,

आजवर मला तुझी शंभरेक पत्रं आली असतील. "प्रिय मावशी" असं तू पहिल्यांदा लिहिलंस. बँकेची माणसं असं लिहितात.

तीन गोष्टी विचारते. "आम्ही" म्हणजे कोण? मार्चमध्ये "आम्ही" म्हणजे तू, वाइनो, जाळीवाले आणि कॉफीवाली होतात. जोलीनचं काम आधी मिळालं की थकबाकी आधी सुटली? आणि वाइनो नक्की कशावर अडून बसलाय?

नव्वद घरांचं वाक्य मी आधी वाचलंय. तूच लिहिलं होतंस, हॉलिसच्या तोंडचं.

मावशी

*

पेल्टन बे
२९ नोव्हेंबर १९८७

मावशी,

तुझ्या पत्रातला सूर मला आवडला नाही, पण तू दूर आहेस, तुला इथलं सगळं समजेलच असं नाही. जोलीनचं काम तिच्या गुणावर मिळालंय. तिला आकडे येतात.

थँक्सगिव्हिंगचं सणाचं जेवण छान झालं. टर्की थोडी कोरडी झाली. समुद्र फार खवळलेला आहे, खेकड्यांचा हंगाम उशिरा सुरू होईल असं दिसतंय.

तू विचारलंस म्हणून सांगतो, वाइनो गेला. वय झालं होतं. धक्क्यावर आता जरा शांतता आहे.

आणि तुझ्यासाठी एक आनंदाची बातमी. आपल्या शेडला मंडळानं "जुनी वास्तू" म्हणून मान दिला आहे. त्यामुळे भाडं पूर्वीचंच राहील, वाढ नाही. ठराव मीच मांडला. नेल्सकाकांच्या आठवणीसाठी. वाटलं, तुला बरं वाटेल.

एल्डन

*

टक्सन
१० जानेवारी १९८८

एल्डन,

"वाइनो गेला" हे वाचून मी समजले की तो मेला. दोन दिवस वाईट वाटून घेतलं, त्याच्याविषयी मनात होतं ते सगळं मागं घेतलं. मग फुलं पाठवावीत म्हणून त्याच्या दुकानाचा नंबर फिरवला. नंबर बंद. फोनवर बोललं की मला खोकला येतो, तरीही हॉलिसला फोन केला. तुला करावासा वाटला नाही.

हॉलिस फार खुशीत होता. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते.

"मेला कसला? बहिणीच्या गॅरेजमध्ये राहतोय. त्याला तुझ्या पोरानं काढलं, व्हर्ना. भाडं थकवलं म्हणून. ते येडं अजून बँकेतल्या त्या वेगळ्या खात्यात भरत होतं. शेरीफची माणसं आली, त्याची सगळी हत्यारं आणि उघडी इंजिनं पावसात धक्क्यावर मांडली. एल्डन स्वतः उभा होता छत्री घेऊन. आता तिथं डनलेव्हीचं बर्फघर होतंय. मला नऊ वर्षं ती जागा त्याला काढून देता आली नाही, लोक काय म्हणतील म्हणून. तुझा पोरगा माझ्यापेक्षा हुशार निघाला. माझ्याकडून सांग त्याला."

आणि तो हसला. मला वाटलं फोनमधून त्याची थुंकी माझ्या कानावर उडाली. मी कान धुतला. खरंच धुतला, साबणानं.

सहा वर्षं दिलं नाही त्याला माफी, आणि तू शिकवलंस तसं भरत राहिला त्याला शेरीफ. आणि वर माझ्या नवऱ्याच्या नावानं मला सूट. माझं तोंड बंद करायला तुला मेलेल्या नेल्सचा हात लागला. खरकटं खायला घालताना लोक निदान ताट तरी वेगळं देतात, तू नेल्सच्याच ताटात वाढलंस.

मी येतेय. बसनं. डॉक्टर म्हणाले, तिथल्या दमट हवेत तुम्ही वर्षभरात अंथरूण धराल. मी म्हटलं, वर्ष पुष्कळ झालं. करार माझ्या नावावर आहे, शेडची किल्ली कॉफीवालीकडे ठेव. स्टँडवर मला घ्यायला येऊ नकोस.

मावशी

*

बंदर मंडळ, पेल्टन बे
१४ मार्च १९८८

प्रति
श्रीमती व्हर्ना टोलेफसन, भाडेकरू

विषय : भाडेपट्ट्यातील अटींचा भंग

मंडळाच्या असे निदर्शनास आले आहे की, आपणांस भाड्याने दिलेल्या शेडच्या निम्म्या भागात आपण पूर्वपरवानगीशिवाय श्री. वाइनो यांना इंजिनदुरुस्तीचा व्यवसाय करू दिला आहे. तसेच "जुनी वास्तू" म्हणून दिलेली सवलत आपण लेखी नाकारली असून, डनलेव्ही कंपनीला लावलेल्या दरानेच आपणांस आकारणी व्हावी अशी मागणी केली आहे. सदर मागणी मान्य करता येत नाही. तीस दिवसांत श्री. वाइनो यांचे सामान न हलविल्यास जागा खाली करून घेण्यात येईल.

मंडळाकरिता
एल्डन रस्क, अध्यक्ष

मावशी, हे चार शब्द माझ्या हातचे. वरचं मला पाठवावंच लागलं, समजून घे. खिडकीतून तुझी शेड दिसते. तू दिवसभर खोकतेस. निदान एकदा भेट.

*

पेल्टन बे
२७ एप्रिल १९८८

मावशी,

दाराखालून हे सरकवतोय, कारण मी ठोठावलं तरी तू उघडत नाहीस.

तुला कळलंच असेल. डनलेव्हीनं शुक्रवारी कारखाना बंद केला. मला फोनसुद्धा नाही. जोलीन सकाळी कामावर गेली तर फाटकाला साखळी. त्यानं वॉशिंग्टनमध्ये दुसरं बंदर गाठलंय, तिथं पहिली पाच वर्षं भाडंच नाही म्हणतात. बोलणी वर्षभर चालू होती. म्हणजे माझ्यासमोर बसून तो नव्वद घरांबद्दल बोलत होता तेव्हाही. आता ते सगळे माझ्या दारात येतात. काल एकानं माझ्या गाडीवर माशाची आतडी टाकली.

मी राजीनामा लिहून ठेवलाय. तुझ्या शेडची नोटीसही रद्द करायला सांगितलीय.

रविवारी जेवायला ये. जोलीननं विचारलंय.

एल्डन

*

खेकड्यांची शेड, धक्का
२९ एप्रिल १९८८

एल्डन,

नोटीस तू रद्द केलेली नाहीस. गेल्या सभेत ती तीन विरुद्ध दोन मतांनी पुढे ढकलली गेली, आणि तेव्हा कुणाच्याच बाजूनं हात वर करायला लागू नये म्हणून तू बाहेर पाणी प्यायला गेला होतास. तिसरा हात वर केला तो म्हाताऱ्या दंतवैद्यानं, ज्याला मी जन्मात एक खेकडा फुकट दिलेला नाही.

आता वास. तुझ्या खिडकीपर्यंत येतो की नाही मला माहीत नाही, वारा सध्या आमच्याकडे आहे. डनलेव्हीनं जाताना वीज तोडली. शीतघरात मासा तसाच राहिला, भरलेला, छपरापर्यंत. परवापासून दाराच्या खालून पाणी यायला लागलंय, पिवळट, आणि त्यात काहीतरी वळवळतं. कॉफीवालीनं टपरी बंद केली. तिचं गिऱ्हाईक पेला तोंडाला लावायचं आणि खाली ठेवायचं. मी खोकते तेव्हा तो वास आत जातो आणि बाहेर येत नाही. इतकी वर्षं मासळीत काढली, पण काल मी पहिल्यांदा धक्क्याच्या कठड्यावर वाकून ओकले.

भाडेपट्टा सोडून गेला म्हणजे जागा पुन्हा सरकारची, असं तुझ्या कचेरीतला कारकून म्हणाला. म्हणजे मासाही सरकारचा. कंपनीकडून काही येण्याची आशा नाही, कारण थकबाकी सोडताना साफसफाईची हमीही तुम्ही सोडलीत. हे मला जोलीननं सांगितलं. ती काल रडत रडत इथं आली होती. तिच्यासाठी मी दार उघडलं. आकडे तिला खरंच येतात. तिच्यावर माझा राग नाही, पण मंडळात तिनं नाही, तू हात वर केला होतास.

उद्या सकाळी आम्ही शीतघर उघडतोय. जाळीवाले येतायत, कारखान्यातली वीसएक माणसं येतायत, ज्यांना शेवटचा पगारही मिळालेला नाही. वाइनो येत नाही. तो म्हणाला, "माझा मासा नाही, माझी घाण नाही." मी आग्रह केला नाही. पण बंद पडलेलं उचलयंत्र त्यानं काल दिवसभर खपून चालू केलं, आणि वर मला ऐकवलं, "तुझा नवरा इंजिनाचं तेल कधीच बदलत नसे." अजूनही मला तो आवडत नाही. जागा मात्र त्याची आहे.

रविवारी मी जेवायला येणार नाही. तुझ्या हातात हात देईन असं मला या घडीला वाटत नाही. कधी वाटेल तेही माहीत नाही.

पण राजीनामा देऊ नकोस. तो फाड. तू गेलास तर हॉलिस पुन्हा उभा राहील. गावाला आता तू इतका नकोसा झालायस की तो निवडूनही येईल. आणि तू घरी बसून जोलीनला सांगत राहशील की जग कसं वाईट आहे. राजीनाम्यानं तुझी सुटका होईल, आमची होणार नाही. तू त्याच खुर्चीत बस. वाइनोची जागा त्याला परत देण्याचा ठराव तुला मांडायचाय, तुझ्या तोंडानं, तुझ्या त्या चढ्या आवाजात. मोकळी झालेली जागा उद्या दुसरा कुणी डनलेव्ही मागायला येईल. तोही भला माणूस असेल, तोही घरांबद्दल बोलेल. त्याला भाडं सांगायचं काम तुझं. दर सभेला मी पहिल्या रांगेत बसेन, जोवर हे फुप्फुस चालतंय तोवर. मी बोलणार नाही. नुसती बसेन.

उद्या सहाला सुरुवात. तोंडाला बांधायला फडकं आण, आणि रबरी बूट. अध्यक्ष म्हणून पाहणीला आलास तर जाळीवाले तुला पाण्यात ढकलतील, मी अडवणार नाही. फावडं घेऊन आलास तर शीतघराचा मागचा कोपरा तुझा. तिथं सगळ्यात जुना मासा आहे.

मावशी